पहिल्या भागाचं रसिक मंडळ

उषाबाई गभण्यांचं मागणं तसं चोवीस मिनिटांचंच होतं. शेवटाला आलेली माणसं काशी मागतात, रामटेक मागतात, अबोला धरलेल्या भावाचं तोंड पाहायला मागतात. उषाबाईंनी भंडाऱ्याच्या दवाखान्यात, डायलिसिसच्या मशीनला जोडलेल्या असताना, छताच्या पंख्याकडे बघत नवऱ्याला सांगितलं, "अजी, मले 'शक है तुम पर'चा पयला भाग पाहाचा आहे."

घनश्यामरावांना वाटलं, रक्त शुद्ध होता होता डोक्यात काहीतरी भलतंच शिरलं. "कायचा भाग?"

"शिरेल होती ना जी, टीवीवर. रविवारची. समर आन् नंदिता."

"ते आता कायले?"

"मंग कवा पाहू?"

याला उत्तर होतं, पण ते घनश्यामरावांच्या शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेलं होतं. सकाळीच डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन, हातात रिपोर्ट देत सांगितलं होतं, की किडन्या तर गेल्याच, आता हृदयही थकलंय. चार महिने, फार तर सहा. ही गोष्ट बायकोपासून लपवायची असं घनश्यामरावांनी ठरवलं, आणि लपवण्यासाठी ते तिच्याशी इतकं गोड वागू लागले की तिला अर्ध्या तासात कळलं.

"सकाळपासून तुमी मले एक डाव 'तुले काही समजत नाही' म्हनलं नाही," उषाबाई म्हणाल्या. "सदतीस वर्सात असा दिवस नाही गेला. किती म्हनला डॉक्टर?"

"सहा महिने."

"म्हंजे चार," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

पवनीला परत येताना गाडी खेमराजची होती. खेमराजचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता तो सकाळी त्याच पाण्यात जाळं टाकायचा आणि आठवड्यातून तीन दिवस उषाबाईंना भंडाऱ्याला आणायचा-न्यायचा. त्यामुळे गाडीला मासोळीचा वास कायमचा होता. त्या वासात उषाबाईंनी पहिला भाग सांगितला.

नंदिता नावाची एक पोरगी. हरवलेल्या वस्तू शोधून द्यायचं तिच्या बापाचं ऑफिस, बाप वारल्यावर ती चालवते. पहिल्याच दिवशी शेजारच्या सोनाराकडे चोरी होते आणि एक लंबाटा माणूस हिच्या दारात येऊन उभा राहतो. हिला वाटतं, हाच चोर. ती त्याला फाईलींच्या खोलीत ढकलते आणि बाहेरून कडी घालते. तो आतून म्हणतो, मी डिटेक्टिव्ह आहे. ती म्हणते, सगळे चोर असंच म्हणतात. मग ती बाहेर, तो आत, दाराच्या दोन बाजूंनी भांडत भांडत दोघं मिळून खरा चोर शोधून काढतात. सरतेशेवटी कडी उघडते आणि भाग संपतो.

"येवढंच?" घनश्यामरावांनी विचारलं.

"येवढंच."

"मंग त्यात काय आहे?"

उषाबाईंनी जरा विचार केला. "त्यायले काहीच मालूम नसते जी. आपल्याले सारं समजून जाते, आन् ते येड्यावानी भांडत रायतात. लय गोड वाटते."

"आन् दुसऱ्या भागात?"

"दुसरा पाहिलाच नाही. तवरीक लग्न जुळलं, मंग घाईच झाली. तुमच्या घरी टीवी कुठं होती?"

"मानूस चांगला वाटते, वैनी, हा समर," खेमराज मधेच म्हणाला.

"तू समोर पाहून चालव," घनश्यामराव म्हणाले.

सहासष्टाव्या वर्षी, शुगर असताना, माणसानं सिरीयलीतल्या डिटेक्टिव्हचा मत्सर करावा का, याबद्दल शास्त्रात काही सापडत नाही. पण घरी आल्यावर घनश्यामरावांनी हात धुता धुता आरशात पाहिलं ते जरुरीपेक्षा जास्त वेळ पाहिलं, एवढं खरं. बायको मरणाच्या दारात उभी असताना तिला पाहायचा होता तो दुसराच कोणी, आणि तोही कोंडलेला.

तरी ते कामाला लागले. हायस्कूलात वरिष्ठ लिपिक म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस. व्यवस्थित अर्ज केला की जगात काहीही मिळतं, अशी त्यांची श्रद्धा होती. अर्जाआधी ते प्रविणच्या मोबाईलच्या दुकानात गेले. प्रविण चाळिशीचा, पोट सुटलेला, गल्लीतल्या सगळ्यांचे पासवर्ड पाठ असलेला. त्यानं बराच वेळ बोटं चालवली आणि कपाळाला हात लावला.

"काका, दोनपासून एकोनचाळीसवरी सारे भाग हायेत. पयलाच नाही."

"असं कसं? पयल्याशिवाय दुसरा कसा होईन?"

"कोनी टाकलाच नाही ना. काकूले दुसरा दाखवा, म्हना हाच पयला."

घनश्यामरावांनी ती सूचना घरी भीत भीत मांडली. उषाबाई म्हणाल्या, "मी मरून राहिली, येडी नाही होऊन राहिली."

बातमी गल्लीत गेली, आणि सल्ले सुरू झाले. पिठाच्या गिरणीवाला धनीराम म्हणाला, "झाडीपट्टीच्या एकांद्या नाटक कंपनीले सांगा. वैनीच्या खाटेसमोर उभे करून देतीन. मधात एक लावनी रायते त्यायची, ते तेवढं चालवून घ्या." समोरच्या मधुकररावांच्या पत्नी रुखमिणीबाई म्हणाल्या, की डिटेक्टिव्हपेक्षा पोथी बरी. पुण्याहून मुलगी टीना फोनवर म्हणाली, की बाबा, याला 'क्लोजर' म्हणतात, आईला लिहून काढायला सांगा. आणि मग फोन न ठेवता बराच वेळ नुसती रडली. तेव्हा घनश्यामरावांनी कागद घेतला आणि जुने कार्यक्रम सांभाळून ठेवणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी.

उत्तर बाविसाव्या दिवशी आलं. सदर भाग उपलब्ध आहे, तथापि वैयक्तिक मागणीचा विचार करता येत नाही. नोंदणीकृत संस्थेनं अर्ज करावा. घनश्यामराव निराश झाले खरे, पण त्या 'तथापि'ची जागा इतकी अचूक होती की मनातल्या मनात त्यांनी दादही दिली.

इथं मधुकरराव आले. मधुकरराव निवृत्त ग्रामसेवक. तीन माणसं एका ठिकाणी दिसली की त्यांना अध्यक्ष निवडल्याशिवाय राहवत नसे. "घनश्यामराव, हे काम एकट्यादुकट्याचं नाही," ते म्हणाले, "मंडळ काढू." सात सभासद लागतात म्हणून मधुकरराव, रुखमिणीबाई, प्रविण, धनीराम, खेमराज आणि गभणे पती-पत्नी अशी सभा घनश्यामरावांच्याच समोरच्या खोलीत भरली. उषाबाई खाटेवर पडून होत्या, त्यामुळे त्यांची हजेरी आपोआपच लागली. 'समर-नंदिता रसिक मंडळ, पवनी' असं नाव ठरलं. अध्यक्ष मधुकरराव, सचिव प्रविण, कोषाध्यक्ष धनीराम. घनश्यामरावांच्या वाट्याला 'सदस्य' आलं. ज्याची बायको, ज्याचा अर्ज, ज्याच्या घरचा चहा, तो नुसता सदस्य! त्यांनी घसा खाकरला, पण तेवढ्यात मधुकररावांनी उपाध्यक्षपदासाठी उषाबाईंचं नाव सुचवलं.

"मले नोको," उषाबाई खाटेवरून म्हणाल्या. "माझी टर्म पुरी होत नाही."

खेमराज उठून उगाच दाराशी गेला. मग मधुकरराव सचिवाला म्हणाले, "नोंद घ्या. वैनींनी नम्रपणे नकार दिला."

नोंदणीचं कार्यालय भंडाऱ्यात एका जिन्यावर होतं. उषाबाई मशीनवर असत ते चार तास घनश्यामराव त्या जिन्यावर काढू लागले. पहिल्या खेपेला कळलं, की मंडळाच्या पत्त्यासाठी घरमालकाचं ना-हरकत पत्र लागतं. घर उषाबाईंच्या नावावर होतं. त्यांनी पत्रावर सही करायला एक अट घातली.

"लिहून द्या, समरबद्दल वाकडं बोलनार नाही म्हनून."

"मी कवा बोललो?"

"तोंडानं नाही बोलले. चेहऱ्यानं बोलता."

घनश्यामरावांनी लिहून दिलं. उषाबाईंनी सुईच्या खुणांनी निळा पडलेला हात उशीवर टेकवून सही केली.

दुसऱ्या खेपेला उद्दिष्टांवर हरकत आली. 'मालिकेचा पहिला भाग पाहणे' हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. ते पूर्ण झाल्यावर संस्था काय करणार? घनश्यामरावांना हा प्रश्न बिनतोड वाटला. त्यांनी खाली वृक्षारोपण, रक्तदान आणि वक्तृत्व स्पर्धा असं लिहिलं. तिसऱ्या खेपेला टेबलामागच्या बाबूनं यादीवरून पेन फिरवलं आणि सहज विचारलं, "सात हायेत ना? सारे हयात? नाही तं मधात कोनी गेलं का बदल अर्ज लागते. दोन महिने जातात त्यात."

"आहेत," घनश्यामराव म्हणाले. "सातही आहेत."

बाबूची काही चूक नव्हती. नियमच तसा होता. घनश्यामराव जिना उतरले, सायकल स्टँडजवळ आले आणि तिथल्या कठड्याला धरून उभे राहिले. दवाखान्यात परत जायची वेळ झाली होती, तरी त्यांनी कठडा सोडला नाही. पानठेल्यावाल्यानं विचारलं, "काका, चक्कर आली का?" ते म्हणाले, "नाही, मंडळाचं काम आहे."

प्रमाणपत्र हातात आलं तोवर अडीच महिने सरले होते. उषाबाईंच्या पायावर सूज चढली होती. गाडीची पायरी त्यांना चढवेना, म्हणून खेमराजनं मासोळीचा लाकडी खोका पालथा घालून खाली पायरी केली. त्या त्याच्यावर पाय ठेवून, खेमराजच्या खांद्याला धरून चढायच्या आणि म्हणायच्या, "एक दिवस बरफ टाकून यातच पाठवा मले."

दिल्लीला पुन्हा अर्ज गेला, आणि चौथ्या महिन्यात पेन ड्राईव्ह आला. तो आला अध्यक्षांच्या नावे, सोबत अटी: प्रदर्शन सार्वजनिक, विनामूल्य आणि एकदाच करावं. मधुकररावांनी पेन ड्राईव्ह कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली.

"मधुकरराव, आज घरी दाखवून टाकू. चोवीस मिनिटं तं आहेत," घनश्यामराव म्हणाले.

"अटीत बसत नाही."

"कोन पाहाले येऊन राहिलं?"

"घनश्यामराव, तुमी म्हनता हे? तुमी?"

घनश्यामरावांनी आग्रह सोडला. कारण मधुकररावांच्या खुर्चीवर असते तर तेही हेच म्हणाले असते.

मधुकररावांनी पत्रिका छापली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, अध्यक्षीय भाषण, अल्पोपाहार आणि अगदी शेवटी बारीक अक्षरांत 'भाग पहिला'. तारीख बुधवारची होती. बुधवार डायलिसिसचा. यावर मात्र घनश्यामराव भांडले, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून भांडले, आणि कार्यक्रम रविवारी दुपारी चारला ठरला.

पत्रिकेत अल्पोपाहार असल्यामुळे सभागृह भरलं. साडेतीनशे खुर्च्या, तरी लोक भिंतीला टेकून उभे. उषाबाईंना खेमराज आणि घनश्यामरावांनी खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत आणलं. त्यांनी मोतिया रंगाची साडी नेसली होती. ती अंगावर राहत नव्हती, म्हणून रुखमिणीबाईंनी जागोजागी पिना लावल्या होत्या. लोक वाकून नमस्कार करून जात होते, जसा देवळात करतात. "अजी," उषाबाई पुटपुटल्या, "हे मले पाहाले आले का त्यायले?"

स्वागतगीत झालं. पाहुणे पाऊण तास उशिरा आले, त्यांचं भाषण झालं. मग मधुकरराव उभे राहिले. त्यांनी सुरुवात पवनीच्या प्राचीन स्तूपापासून केली, वैनगंगेच्या काठाकाठानं ते धरणापर्यंत आले, तिथून गुप्तहेरांच्या परंपरेकडे वळले. चाळीस मिनिटं झाली तरी ते अजून चंद्रगुप्तापाशीच होते. उषाबाईंची मान एका बाजूला कलायला लागली. ओठ सुकले होते, पण डॉक्टरांनी दिवसाला मोजून दिलेलं पाणी संपलं होतं. घनश्यामरावांनी ओला रुमाल त्यांच्या ओठांना लावला.

"अजी," त्या म्हणाल्या, "मले वाटते मी झोपून जाईन. चालू झालं का उठवा. उठली तं."

घनश्यामराव उठले. ते स्टेजच्या पायऱ्या चढले तेव्हा लोकांना वाटलं, सत्कार आहे. त्यांनी मधुकररावांच्या हातातून माईक घेतला.

"बसा," ते म्हणाले. माईकमधून आलेला स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले, पण थांबले नाहीत. "मधुकरराव, खाली बसा. माझी बायको मरून राहिली. तिले चोवीस मिनिटं पाहिजेत. तुमी पंचेचाळीस खाल्ले."

पाहुण्यांनी हातातला नारळ खाली ठेवला. आणि पहिल्या रांगेतून बारीक, पण खणखणीत आवाज आला, "अजी, मरून राहिली म्हनाची काय गरज होती? तब्येत बरी नाही म्हनाचं ना."

मागं कोणीतरी हसलं आणि हसता हसता थांबलं. प्रविणनं दिवे घालवले.

पडद्यावर नाव आलं. त्याच वेळी बाहेर मांडवात आलूबोंड्याचा घाणा निघाला. वास आत आला, आणि मागच्या खुर्च्या एकेक करून वाजू लागल्या. आधी पोरं उठली, मग बाया, मग पाहुणे, त्यांच्या मागं पाहुण्यांसाठी आलेले. दहाव्या मिनिटाला प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच उरल्या. प्रविणही केबिनमध्ये यंत्र चालू ठेवून प्लेट आणायला गेला. खेमराज गाडी दाराशी लावायला गेला होता.

घनश्यामरावांना तो भाग सुरुवातीला भिकार वाटला. नंदितानं दार आपटलं की अख्खी भिंत हलायची. आवाज डब्यातून आल्यासारखा. समर म्हणजे नुसता उंच, किडकिडीत, लांब कॉलरचा. याच्यात पाहण्यासारखं काय, हे घनश्यामरावांना पहिल्या दहा मिनिटांत सापडलं नाही. आपण लेखी हमी दिली आहे, हे लक्षात ठेवून त्यांनी चेहरा सरळ ठेवला.

मग एका ठिकाणी नंदिता चहाचा कप घेऊन त्या बंद दाराला पाठ लावून बसली. पलीकडे समर फाईलींच्या ढिगावर बसला होता. त्यानंही दाराला पाठ टेकली. दोघांना एकमेकांचं काही दिसत नव्हतं. भांडण थांबलं. कोणी बोललं नाही. तिनं चहा फुंकला, आणि त्यानं आतून विचारलं, "चाय है?" ती म्हणाली, "चोरों के लिए नहीं।" एवढंच. पण घनश्यामरावांना वाटलं, उठून आपणच ती कडी काढावी.

त्यांनी बाजूला पाहिलं. उषाबाई जाग्या होत्या. पडद्यावरची माणसं बोलायच्या आधी त्यांचे ओठ हलत होते. शब्द न शब्द. सदतीस वर्षं या बाईनं हे कुठं ठेवलं होतं, कोण जाणे. चेहऱ्यावरची सूज, डोळ्यांखालचा काळेपणा, सगळं तसंच होतं. तरी त्या एखादी पोरगी बसते तशा, हनुवटी वर करून बसल्या होत्या. कडी निघाली, दार उघडलं, ती दोघं एकमेकांसमोर उभी राहिली आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नाही. तिथंच भाग संपला.

परतीला खेमराजनं गाडी हळू चालवली.

"कसा होता?" घनश्यामरावांनी विचारलं.

"तो येवढा देखना नोहता," उषाबाई म्हणाल्या. "मले वेगळाच याद होता." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "माहेरी, चिखल्याले, खानीच्या क्लबात टीवी होती. बाबुजी घेऊन गेले होते. त्याच रविवारी सकाळी तुमी मले पाहाले आले होते."

"त्याच रविवारी?"

"हाव. सकाळी तुमाले पाहिलं, संध्याकाळी त्याले."

घनश्यामरावांनी काच खाली केली, वर केली. "मंग?"

"मंग काय. तो कोंडलेला होता, तुमी मोकळे होते."

खेमराज इतका हसला की त्यानं गाडी बाजूला घेतली. घनश्यामराव हसले नाहीत. त्यांनी उषाबाईंचा सुजलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी उषाबाईंनी फर्मान काढलं, "आता दुसरा लावा." प्रविणनं सगळे भाग टीव्हीत भरून दिले. डायलिसिसचे दिवस सोडून रोज एक भाग, कधी दोन. चोर कोण यावरून नवरा-बायकोची रोज जुंपू लागली. सातव्या भागात घनश्यामराव चार महिन्यांनी पहिल्यांदा "तुले काही समजत नाही" म्हणाले, आणि उषाबाईंना इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या. एकोणिसाव्या भागात हार चोरीला गेला होता. त्या म्हणाल्या, चोर मावशी आहे. घनश्यामराव म्हणाले, ड्रायव्हर. भाग अर्ध्यावर असताना त्यांना धाप लागली, म्हणून तो तिथंच थांबवला. गुरुवारी सकाळी, चहा ठेवून घनश्यामराव खोलीत आले, तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

चोर कोण, ते घनश्यामरावांनी पाहिलं नाही. टीव्हीवर कपडा टाकला.

तेरवी आटोपून टीना पुण्याला परत गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मधुकरराव आले. सभागृहातल्या प्रसंगानंतर त्यांचं बोलणं बंद होतं. मयतीलाही ते लांबच उभे राहिले होते. आता दारातच घुटमळत ते म्हणाले, "दिल्लीचा फॉर्म आला. पेन ड्राईव्ह परत करा लागते, सोबत उपयोगिता प्रमाणपत्र. सदस्याची सही पाहिजे. माझ्यानं होऊन नाही राहिलं. तुमचा हात चांगला आहे."

घनश्यामरावांनी चष्मा लावला, फॉर्म घेतला. कार्यक्रमाचं नाव, ठिकाण, दिनांक त्यांनी वळणदार अक्षरात भरलं. पाचव्या रकान्यात 'प्रत्यक्ष लाभार्थी' असं होतं. त्यांनी तिथं 'दोन' लिहिलं.

मधुकरराव वाकून बघत होते. "घनश्यामराव, साडेतीनशे लोक होते!"

"ते आलूबोंड्याचे लाभार्थी. पाहिलं कोनी?"

मधुकरराव खुर्चीत बसले. काही वेळ त्यांनी उपरण्याच्या टोकाशी चाळा केला. मग खाली पाहत म्हणाले, "मी पाहिला जी. मागच्या खांबाजवळ उभा राहून. तुमी माईक घेतल्यावर तोंड घेऊन बाहेर कसा जाऊ? पूर्ण पाहिला, कडी निघेवरी." त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "वैनीही दिसून राहिल्या होत्या तिथून."

घनश्यामरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दोनाचा आकडा एका रेघेनं खोडला, बाजूला तीन लिहिलं, आणि नियमाप्रमाणे खाडाखोडीच्या जागी बारीक सही केली.